ज्याचं त्याचं ताट

"मॅडम, हे वाक्य एसटीबद्दल हाय का?"

मागच्या बाकावरून हा प्रश्न आला तेव्हा मी वर्गात प्रश्नावली भरून घेत होते. प्रश्नावली माझी नव्हती. विद्यापीठात संशोधन करणारी एक मुलगी आमच्या कॉलेजात आली होती. पदवीच्या विद्यार्थ्यांची पर्यावरणाबद्दलची जाणीव, दृष्टिकोन आणि वर्तन असा तिचा विषय. खेड्यातली कॉलेजं तिला हवी होती, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या कॉलेजपर्यंत ती दोन बस बदलून पोचली होती. मी भूगोल शिकवते आणि पर्यावरणाचा सक्तीचा पेपरही माझ्याकडेच असतो, त्यामुळे तिला मदत करणं माझं कामच होतं.

ज्या वाक्यापाशी मागच्या बाकावरची मुलगी अडली होती ते असं होतं: पृथ्वी ही मर्यादित जागा आणि मर्यादित साधनं असलेल्या अंतराळयानासारखी आहे.

मी म्हटलं, नाही गं, एसटीबद्दल नाही, पृथ्वीबद्दल आहे.

"नाई, पण जागा मर्यादित अन् माणसं चढूनच राह्यले, असं लिवलं ना. आमची साडेनऊची गाडी तशीच असते. पण मॅडम, आमी कोणाले उतरवत नाही. सरकून बसतो."

एवढं बोलून तिनं 'पूर्णपणे सहमत'वर खूण केली आणि पुढच्या वाक्याकडे वळली. मी मात्र बराच वेळ त्या 'सरकून बसतो'पाशीच राहिले.

अशा वाक्यांची मोजपट्टी अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी 1978 साली तयार केली. 2000 साली तिला सुधारून 15 वाक्यांचं रूप दिलं. आठ वाक्यांशी सहमत झालं की निसर्गाच्या बाजूचा कौल, उरलेल्या सात वाक्यांशी असहमत झालं की तोच कौल. जगभरात हजारो विद्यार्थ्यांनी ती भरली आहे. चांगली मोजपट्टी आहे, मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवशी खरी अडचण आली ती पुढच्या भागात, वर्तनाच्या प्रश्नांत.

तुम्ही सार्वजनिक वाहनानं प्रवास करता का? वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींनी 'नेहमी' लिहिलं. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर रिक्षात कोंबून येणाऱ्या मुलीही लाल गाडीनं येतात. तुम्ही वीज काटकसरीनं वापरता का? नेहमी. घरात दोन बल्ब आणि एक पंखा, त्यातही दिवसाची लाईन किती तास राहील याचा भरवसा नाही. कपडे पुन्हा वापरता का? नेहमी. मोठीचा ड्रेस धाकटीला, धाकटीचा मावसबहिणीला, आणि शेवटी पोतेरं. अन्न वाया घालवता का? कधीच नाही. हे सगळं खरं होतं. कागदावर माझा वर्ग पर्यावरणाचा सर्वात निष्ठावंत पाईक ठरणार होता, आणि मला आतून बरं वाटत नव्हतं. कारण ह्याच मुलींना स्कूटी हवी आहे, फ्रिज हवा आहे, भाऊ नोकरीला लागला की पहिल्या उन्हाळ्यात कूलर हवा आहे, आणि तो त्यांनी का मागू नये? मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात दुपारी बसून पाहावं. आज ज्याला आपण त्यांचं वर्तन म्हणतो ती त्यांची अडचण आहे. अडचण दूर झाली की ते वर्तनही जाईल, आणि ते गेलं म्हणून त्यांना दोष देण्याचा अधिकार माझ्यासारख्या, दर महिन्याला पगार घेणाऱ्या बाईला नाही.

मग एक प्रश्न आला: समारंभात एकदाच वापरून फेकायची ताटं-वाट्या तुम्ही टाळता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

मुलींनी पटापट खुणा केल्या. मला त्या तीन चौकटींत ते उत्तर मावेना. कारण ह्या एका प्रश्नावर मी आणि माझ्या आधीच्या एका तुकडीनं पूर्ण एक वर्ष घालवलं आहे.

*

2018 चा जानेवारी. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर होतं, आमच्या दत्तक गावात. ही योजना 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि एक शिबिर, असा तिचा साचा. बाहेरच्यांना ह्यात काही विशेष वाटत नाही, पण आमच्याकडच्या मुलींसाठी घराबाहेर सात रात्री राहण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ असते. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, मुलं एका खोलीत, मुली दोन खोल्यांत.

त्या वर्षी आम्ही गावाच्या नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यांत रेती-माती भरायची, दाभणानं तोंडं शिवायची, आणि नाल्याच्या आडवी विटांसारखी सांधे चुकवून रचायची. मधल्या फटींत चिकणमाती. आमचा भाग संत्र्याचा. वरूड-मोर्शीकडे बागा जगवण्यासाठी लोकांनी हजार हजार फूट बोअर मारलेत, आणि जमिनीत मुरतं त्यापेक्षा जास्त पाणी उपसलं जातं म्हणून सरकारदरबारीही ते तालुके अतिशोषित म्हणूनच नोंदले गेलेत. 2016 साली पाणलोटाच्या स्पर्धेत राज्यातले पहिले जे तीन तालुके उतरले त्यांत वरूड होता. माझे कितीतरी माजी विद्यार्थी तेव्हा उन्हात चर खोदत होते. त्यामुळे बंधारा म्हटलं की मुलांना शिकवावं लागत नाही. पोरांनी हात सोलेपर्यंत काम केलं. पाचव्या दिवशी पाणी अडलं, आरशासारखं उभं राहिलं. एका मुलानं त्यात खडा टाकला तर बाकीचे त्याच्यावर ओरडले, इतका त्यांचा जीव जडला होता त्यावर.

शेवटच्या दिवशी समारोप आणि गावजेवण. वांग्याची भाजी, वरण, रोडगे, बुंदी. गावानं वर्गणी केली होती. ताटं-वाट्या-ग्लास थर्माकोल आणि प्लास्टिकचे, बाजारातून पोतंभर आणलेले. तीनशे माणूस जेवलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी बंधारा पाहायला गेले, शेवटचा एकदा. अडलेल्या पाण्यावर ती पांढरी ताटं तरंगत होती. भाजीचा तेलकट रंग त्यांना लागलेला. वाऱ्यानं ती एकेक करून बंधाऱ्याच्या पोत्यांना येऊन टेकत होती.

मी चिडले. ज्यानं टोपली नेऊन ओतली होती त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलले. तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, बंधाऱ्यावर सगळ्यात जास्त पोती वाहिलेला. पर्यावरणाच्या पेपरात त्याला चांगले गुण होते, हे मला ठाऊक होतं, कारण मीच दिले होते. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मंग टाकू कुठी?"

मला उत्तर सुचलं नाही. शहरात घंटागाडी येते, गावात येत नव्हती. पूर्वी पंगतीनंतर पळसाच्या पत्रावळी गोळा व्हायच्या त्या ह्याच नाल्याच्या काठी, उकिरड्यावर. गाई-बकऱ्या त्या चाटून खायच्या, उरल्या त्या पावसाळ्यापर्यंत मातीत जायच्या. टाकायची जागा तीच राहिली, टाकायची वस्तू तेवढी बदलली. मुलानं त्याच्या आजोबांनी जे केलं तेच केलं होतं. जाळावीत म्हटलं तर थर्माकोलचा तो काळा धूर. पुरावीत म्हटलं तर कुणाच्या वावरात? आम्ही मिळून ती ताटं पाण्यातून काढली, पोत्यांत भरली आणि कॉलेजच्या गाडीतून तालुक्याला आणली. पुढे तालुक्याची गाडी ती कुठे नेऊन टाकते, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट त्या उन्हाळ्यात दिसली. नाला आटल्यावर बंधाऱ्याची पोती उघडी पडली. सिमेंटची पोती प्लास्टिकच्या धाग्यांची विणलेली असतात, उन्हानं ती कुजत नाहीत, भुगा होतात. मे महिन्यात बंधाऱ्याखालच्या वावरात पांढऱ्या तंतूंचा सडा पडला होता. एक शेतकरी काका ते मुठीत धरून दाखवत होते. ते रागावले नाहीत. "पाणी अडलं बाई, हरबऱ्याले फायदा झाला. पण हे काय करावं?" एवढंच म्हणाले. पाणी अडवण्यात आपण चुकलो नव्हतो. पण कामाच्या सामानाकडेही बघावं लागतं हे मला माझ्या वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या वावरात कळलं, आणि मी ते त्याआधी बारा वर्षं शिकवत होते.

*

पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवला पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयानं 22 नोव्हेंबर 1991 रोजी एका जनहित याचिकेवर सांगितलं. पुढे न्यायालयानं पुन्हा बजावल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला. परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, लोकसंख्या, कायदे. शेवटी क्षेत्रकार्य. क्षेत्रकार्याच्या वह्या मी दरवर्षी तपासते. त्यांत वाघाची चित्रं असतात, ओझोनच्या थराची आकृती असते, कापून चिकटवलेली वर्तमानपत्रं असतात. तरोटा, चिवळ, आघाडा, कुंजर ह्यांतली एकही पालेभाजी किंवा तण त्यात नसतं. लिहिणारी मुलगी मात्र सुट्टीच्या दिवशी आईबरोबर निंदायला जाते आणि ह्या सगळ्यांना पानावरून ओळखते. मी एकीला विचारलं, हे का नाही लिहिलंस? तर तिनं फार नवलानं माझ्याकडे पाहिलं. "ते तर घरचं हाय ना मॅडम."

घरचं म्हणजे अभ्यासाचं नव्हे. ही समजूत तिनं स्वतः करून घेतलेली नाही, आम्ही शिक्षकांनी तिला ती दिली. आणि गंमत म्हणून सांगत नाही, फार वाईट वाटून सांगते: निंदणाच्या जागी तणनाशक आलं की ती चिवळ-तरोट्याची भाजीही जाते आणि आईची मजुरीही जाते. ज्या गोष्टीला वहीत जागा नव्हती ती शेतातूनही गेली तर गेली हे तरी कोणाला कळणार?

जून 2018 पर्यंत राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. अधिसूचना मार्चची, 23 तारखेची. दंड सुरू झाले तीन महिन्यांनी. थर्माकोलची ताटं दुकानातून दिसेनाशी झाली आणि त्या जागी चंदेरी मुलामा दिलेल्या कागदी पत्रावळी आल्या, आतून प्लास्टिकचा पापुद्रा असलेले कागदी कप आले. कागद म्हटल्यावर लोकांना हायसं वाटलं. नव्या तुकडीनं शिबिराची आखणी सुरू केली तेव्हा मुलांनीच विषय काढला: ह्या वर्षी गावजेवणाला ते नको. आधी पत्रावळीचा विचार झाला. मुलं गावात एका आजींकडे गेली, त्या पूर्वी लग्नांना पत्रावळी लावून द्यायच्या. आजींनी हसून वाटेला लावलं. पळसाची पानं उन्हाळ्यात तोडून, सावलीत वाळवून, दाबून ठेवायची असतात. डिसेंबरात येऊन जानेवारीत तीनशे पत्रावळी मागता? पळस आता पानगळीला लागला. आणि टोचायला काड्या कोण काढणार? पत्रावळ म्हणजे झाडाखाली पडलेली वस्तू नव्हे, तिला सहा महिन्यांचं नियोजन आणि बायकांचे हात लागतात, हे मुलांना पहिल्यांदा समजलं.

तेव्हा मला एक कल्पना सुचली, आणि मी ती मोठ्या उत्साहात वर्गात मांडली. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या गाडगेबाबांकडे पाहा, मी म्हटलं. बाबांचा जन्म इथलाच, अमरावती जिल्ह्यातला, शेंडगावचा, 1876 सालचा. हातात खराटा आणि फुटक्या मडक्याचं एक गाडगं, तेच त्यांचं ताट, तीच वाटी, त्याच्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गावी जायचं ते गाव आधी झाडायचं, मग कीर्तन. आपणही तसंच करू. गावाला सांगू, जेवायला येताना ज्याचं त्यानं ताट आणायचं. जेवायचं, आपलं ताट आपण घासायचं, घरी न्यायचं. कचरा शून्य. घोषवाक्यसुद्धा मी तयार केलं होतं: ज्याचं त्याचं ताट.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी वाजवत नव्हती. ती त्याच दत्तक गावची, रोज एसटीनं येणारी, वर्गात फारसं न बोलणारी. तास संपल्यावर ती थांबली.

"मॅडम, रागावू नका. पण हे सांगू नका गावात."

का गं?

"माही आजी येणार नाही मंग. अन् आमच्या पुऱ्यातले कोणीच येणार नाही."

मला अजून कळलं नव्हतं. तिनं हळूहळू सांगितलं. त्यांचं घर बौद्धपुऱ्यात. आजीच्या लहानपणी गावजेवणाचं आवतण त्यांना असंच यायचं. आपापली भांडी घेऊन या. मग ते लांब बसायचे, वाढणारा वरून टाकायचा, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. उरलेलं त्याच भांड्यात घरी न्यायचं. आजी ते भांडं आईच्या मागे धरून चालायची. पुढे ते बंद झालं. आजीचे वडील 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले आणि त्यांनी सांगितलं की आता भांडं घेऊन कोणाच्या दारी जायचं नाही. मग कितीतरी वर्षं त्यांच्या पुऱ्यातून गावजेवणाला कोणी गेलंच नाही.

"मागच्या साली शिबिराच्या जेवणाले आजी आली होती. ते पांढरे ताटं पाहून म्हणे, बरं हाय, सगळ्यांचं सारखंच हाय, कोणाचं कोणतं काही समजत नाही."

मी खुर्चीत बसून राहिले. माझं लहानपण अशाच एका गावात गेलं. आमच्या अंगणात पंगती उठताना मी पाहिल्या आहेत. काही माणसं आपली भांडी घेऊन यायची आणि फाटकाजवळ बसायची, हेसुद्धा मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. लहान होते हे खरं. पण नंतर मोठी झाले, एम.ए. झाले, जिल्ह्याची सामाजिक-आर्थिक पाहणी शिकवू लागले, आणि पत्रावळींच्या आठवणीनं हळवी होत राहिले. त्या फाटकाची आठवण मला एका विद्यार्थिनीनं करून द्यावी लागली.

नाल्यात तरंगणारं ते पांढरं ताट एका म्हातारीला समतेचं वाटलं होतं. प्रश्नावलीत ह्याला चौकट कुठे आहे?

*

मी ते घोषवाक्य मागे घेतलं. वर्गाला कारण सांगायचं की नाही ह्यावर मी दोन दिवस विचार केला. मुलीला विचारलं. ती म्हणाली, सांगा, माझं नाव नका घेऊ. मी सांगितलं. वर्गात शांतता होती. मग एका मुलानं विचारलं, गाडगेबाबांनी तर स्वतः होऊन धरलं ना गाडगं? हो, स्वतः होऊन. आणि हिच्या आजीच्या हातात दुसऱ्यांनी दिलं होतं. बाबांनी अस्पृश्यता कधी मानली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या हाती सोपवली. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले, आणि चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच बाबांनी प्राण सोडले. आमच्याकडे काही घरांत दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी असतात. त्या मुलीच्या घरीही होत्या, ते मी पुढे पाहिलं.

त्याच महिन्यात आमची एक सहल होती, परतवाड्याकडच्या पायविहीरला. मेळघाटच्या उंबरठ्यावरचं कोरकूंचं गाव. 2012 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, दोनशे हेक्टरांच्या आसपास उजाड जंगल. गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ठरवली, झाडं वाढवली, आणि आता तिथली सीताफळं शहरांत विकायला जातात. मुलांनी गावच्या लोकांना विचारलं, आधी का नव्हतं राखलं? एकजण म्हणाले, आधी आमचं नव्हतं. त्यापलीकडे त्यांनी काही समजावून सांगितलं नाही.

येताना गाडीत ती मुलगी आणि तो 'टाकू कुठी' विचारणारा मुलगा (तो तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता, शिबिराला मदतीला यायचा) एका बाकावर बसून हिशेब करत होते. उतरताना त्यांनी मला कागद दिला. स्टीलची ताटं, वाट्या, पेले. दीडशेचा संच. दोन पंगती केल्या तर तीनशे माणूस होतं. वजनावर घेतलं तर किती, मोडीत निघालेलं घेतलं तर किती. ताटं कोणाची? कागदावर लिहिलं होतं: सगळ्यांची.

पैसे कसे उभे राहिले ते लांबवत नाही. रद्दी विकली, मुलांनी दिवाळीत कापूस वेचणीला जाऊन आलेल्या मजुरीतून दिले, गावातल्या बचतगटानं अर्धा वाटा उचलला आणि ठरवलं की शिबिरानंतर संच गटाकडे राहील, लग्नाकार्याला नाममात्र भाड्यानं जाईल. दुकानदारानं विचारलं, मागे नाव काय टाकायचं? आमच्याकडे भांडं घेतलं की नाव टाकतातच. आजोबांचं, आईचं, लग्नात दिलं तर मामाचं नाव आणि तारीख. मुलांचे तट पडले. काहींना कॉलेजचं नाव हवं होतं, काहींना शिबिराचं वर्ष, बचतगटाच्या ताईंना गटाचं नाव. वाद चांगलाच तापला. मग ती मुलगी म्हणाली, "काहीच नोका टाकू." कारण तिनं सांगितलं नाही, आणि ह्या वेळी कोणी विचारलंही नाही.

2019 च्या शिबिरात बंधारा दगडांचा घातला. त्याला पोत्यांपेक्षा दुप्पट दिवस लागले आणि पाणी आधीच्या वर्षीइतकं अडलं नाही, झिरपत राहिलं. काम अर्धं राहिलं ते पुढच्या तुकडीनं पुरं केलं.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर मुली उठल्या आणि ताटं गोळा करू लागल्या. सांगितलं कोणी नव्हतं. मीही पदर खोचून उठले होते. अर्ध्या वाटेत मला कळलं की मुलगे हात धुऊन शेकोटीकडे गेले आहेत. कचरा वाचवायचा म्हणून आम्ही घेतलेली ताटं सात दिवस मुलींच्याच हातून घासून निघाली असती. चिठ्ठ्या टाकल्या. पाच जणांचे गट, मुलंमुली मिसळून, रोजची पाळी. एक मुलगा, पैलवान गडी, त्यानं आयुष्यात ताट घासलं नव्हतं. त्याला राख किती घ्यायची हे एका मुलीनं दाखवलं. दोन दिवसांनी त्याची आई गावाहून शिबिर बघायला आली. लेक घमेल्याशेजारी उकिडवा बसून ताटं घासतो आहे हे पाहून ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग शेजारी बसली आणि म्हणाली, "कडा घास नीट, कडेले तेल राह्यते." मला भीती वाटली होती की ती रागावेल.

पाण्याचाही हिशेब केला. धुण्यात जास्त पाणी जात असेल तर आपण एक चूक मोडून दुसरी केली, असं एका मुलाचं म्हणणं, आणि ते आमच्या पाणीटंचाईच्या भागात अगदी रास्त होतं. चुलीची राख, नारळाची शेंडी, आणि तीन घमेली: पहिल्यात खरकटं, दुसऱ्यात राख धुवायची, तिसऱ्यात विसळायचं. नळाखाली एकही ताट धुतलं नाही. खरकटं गुरांना, विसळलेलं पाणी शाळेच्या कडुनिंबांना.

संच अजून गावात आहे. काही ताटं लग्नांत हरवली, काही चेपली. गावातले काही लोक अजूनही चंदेरी पत्रावळीच आणतात, कारण भांडी घासायला माणूस मिळत नाही, आणि ते कारण खोटं नाही. घोषवाक्यावरून मला थांबवणारी ती मुलगी आता अमरावतीला नोकरी करते. तिनं स्कूटी घेतली आहे. फोटो पाठवला होता. मी अभिनंदन केलं ते मनापासून.

संशोधन करणाऱ्या त्या मुलीला मी ह्यातलं थोडंसं सांगितलं. तिनं लिहून घेतलं, पण शेवटी म्हणाली, मॅडम, मला आकडा लागतो. खरं आहे तिचं, तिला आकडा लागतो. प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन ती परतीच्या बसला गेली.

समारोपाच्या त्या गावजेवणाचं राहिलं. दुपारचं ऊन, शाळेच्या पटांगणात सडा टाकलेला, ताटांची चळत पायरीवर. पहिली पंगत बसत होती. बौद्धपुऱ्यातून पाच-सहा बायका आल्या, त्यांत ती आजी. पांढरं लुगडं, हातात काठी, दुसरा हात रिकामा. ती चळतीपाशी थांबली. नातीनं एक ताट पुढे केलं. आजीनं ते घेतलं, काठी बगलेत धरली, आणि ताट उलटं करून मागची बाजू पाहिली. बोट फिरवून पाहिलं. काही कोरलेलं नव्हतं. तिनं चळतीतलं दुसरं ताट उचललं, तेही उलटून पाहिलं. मग दोन्हींतलं एक परत ठेवलं, आणि जिथे जागा होती तिथे, मधोमध, पंगतीत बसली. शेजारची बाई थोडी सरकली.